केव्हलार, काच आणि पट्टे: तिन्हींना एकच कात्री का पुरत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज चुकत असेल तर तुम्ही लगेच सांगू शकाल. रबाळे एमआयडीसीत तुमचं छोटं युनिट आहे. आजवर ताडपत्री, बॅगा आणि मशीनची कव्हरं शिवलीत. आता भट्टीजवळ काम करणाऱ्या कामगारांसाठी केव्हलार या चिवट कृत्रिम धाग्याच्या बाह्या आणि त्यासोबत पॉलिएस्टरचे जाड पट्टे अशी ऑर्डर आली आहे. कटिंग मास्टरची बारा इंची कात्री केव्हलारवर चालेना. कापड पात्यांमध्ये दुमडतं, कडेला पिवळ्या दशा सुटतात, आणि दोन दिवसांत कात्री साध्या कापडावरही अडायला लागली. एक व्यापारी म्हणतो दहा हजारांची जर्मन कात्री घ्या. दुसरा म्हणतो तीनशेची घ्या, बोथट झाली की फेका. यातलं कोणाचं ऐकायचं?

दोघंही अर्धं बरोबर बोलतायत, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळं कापड आहे. दहा हजारवाला केव्हलारचा विचार करतोय, तीनशेवाला बहुधा काचेच्या कापडाचा, म्हणजे काचेच्या तंतूंनी विणलेल्या फायबरग्लासचा. आणि तुमच्या पट्ट्यांना तर या दोन्ही कात्र्या नकोत. वागळे इस्टेटमध्ये मी बरीच वर्षं औद्योगिक कापडाचं कटिंग सांभाळलं. तिथे नव्या पोरांना मी पहिल्यांदा हेच शिकवायचो: धागा कोणता, आणि तो कात्रीला कसा हरवतो, एवढं कळलं की कात्री निवडणं सोपं आहे.

'कात्रीत दम नाही' हा समज आधी बाजूला ठेवा. जी कात्री ताडपत्रीचे चार थर सहज उतरवते, तिच्यात दम भरपूर आहे. केव्हलारच्या बाबतीत अडचण अशी की धागा पात्यांसमोर उभाच राहत नाही.

केव्हलार हे ड्यूपॉन्ट कंपनीने दिलेलं व्यापारी नाव. त्याच कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये हा धागा शोधला. तैजिन या जपानी कंपनीचं ट्वारॉन त्याच कुळातलं. या कुळाला पॅरा-ॲरामिड म्हणतात. त्याचा एक तंतू साधारण १२ मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपल्या केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा. त्यातले रेणू सगळे लांबीच्या दिशेने रांगेत बसलेले असतात, त्यामुळे ओढलात तर तो कमालीचा चिवट, पण आडव्या दिशेने त्या रांगांची एकमेकींवरची पकड कमी. केळीचं सोपट जसं आडवं मोडायला गेलं की उभं फाटत जातं, तसं याचं होतं. पातं दाबलं की तंतू तुटत नाही, वाकतो, उभा चिरतो आणि दोन पात्यांच्या फटीत शिरतो. शिंप्याच्या कात्रीची पाती तर मुद्दाम गुळगुळीत केलेली असतात, कापडातून सरकत जावीत म्हणून. केव्हलार त्या गुळगुळीत धारेवरून टोकाकडे घसरत जातं. मास्टर जोर लावतो, पाती एकमेकांपासून बाजूला रेटली जातात, फट वाढते, आणि मग धारेला बारीक दाते पडतात. तुमची कात्री दोन दिवसांत गेली ती अशी. बोथट होणं हा शेवट होता, सुरुवात घसरण्यापासून झाली.

म्हणून केव्हलारच्या कात्रीत पहिली गोष्ट बघायची ती एका पात्याच्या धारेवरची बारीक दातेरी. डोळ्यांना ती जेमतेम दिसते, नखाला लगेच कळते: नख आडवं धरून धारेच्या लांबीने हलकेच फिरवा, खरखर लागली पाहिजे. हे दाते कापत नाहीत, धाग्याला धरून ठेवतात. कापायचं काम समोरचं साधं, तीक्ष्ण पातं करतं. काही कात्र्यांत दोन्ही पाती दातेरी असतात. त्या पकडतात घट्ट, पण कड थोडी ओबडधोबड येते आणि धार लावून घेणं जास्त अवघड. बाह्या शिवताना कड आत दुमडणार असेल, तर मी एकच पातं दातेरी असलेली घेईन.

दुसरी गोष्ट म्हणजे मधला स्क्रू. लोक पोलादाची जात विचारतात आणि स्क्रूकडे बघतसुद्धा नाहीत. माझ्या मते निम्मी कात्री या स्क्रूत असते. चांगल्या कात्रीची पाती पूर्ण सरळ नसतात, किंचित धनुष्याकार असतात. बंद कात्री उजेडासमोर धरलीत तर मध्ये बारीकशी फट दिसेल आणि टोकं टेकलेली दिसतील. कापताना दोन्ही धारा एका वेळी एकाच बिंदूला भेटतात आणि तो बिंदू स्क्रूपासून टोकाकडे सरकत जातो. हा दाब सैल पडला की जगातलं कितीही महाग पोलाद असो, ॲरामिड दुमडणारच. म्हणून पिन ठोकून कायमची बंद केलेली कात्री घेऊ नका. स्क्रू आणि त्याला नट किंवा लॉक असलेली, म्हणजे घरच्या घरी घट्ट करता येईल अशी घ्या. तपासायचं असं: एक मूठ हातात आडवी धरा, दुसरी उचलून सोडून द्या. ती निम्म्या वाटेवर कुठेतरी अडली तर दाब ठीक. खाडकन बंद झाली तर सैल, जागची हललीच नाही तर जास्त घट्ट. तुमची जुनी कात्री टाकून देण्याआधी हा स्क्रू आवळून बघाच. केव्हलार कापेल असं नाही, पण ताडपत्रीसाठी ती पुन्हा उभी राहू शकते.

पोलादाबद्दल थोडक्यात. कडकपणा रॉकवेल सी या मापात सांगतात. साध्या स्टेनलेसच्या स्वस्त कात्र्या पन्नाशीच्या आसपास असतात, कामाच्या चांगल्या कात्र्या ५५ ते ६० च्या घरात. त्याहून कडक पातं धार जास्त टिकवतं, पण टेबलावरून फरशीवर पडलं की टोक उडतं, आणि आपल्याकडे कात्री पडतेच. हाय कार्बन घडीव पोलाद मला मनापासून आवडतं, मात्र ठाणे-बेलापूर पट्ट्यात खाडीची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यात त्याला गंज चढतो. रोज पुसणारं माणूस तुमच्याकडे असेल तरच त्या वाटेला जा, नाहीतर चांगल्या कडकपणाचं स्टेनलेस बरं.

मुठीचं म्हणाल तर वाकड्या मुठीचीच घ्या, म्हणजे खालचं पातं टेबलावर सपाट सरकतं आणि कापड उचललं जात नाही. ॲरामिडला हे फार महत्त्वाचं, कारण उचललेलं कापड सैल होतं आणि सैल धागा निसटतो. मास्टर डावखुरा असेल तर डाव्या हाताचीच कात्री आणा. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की अंगठ्याचा दाब उलटा पडतो, पाती एकमेकींपासून दूर जातात.

आता दुसऱ्या व्यापाऱ्याची बाजू. काचेचं कापड दिसायला मऊ, पण काच ती काचच. खनिजांचा कडकपणा मोजायच्या मोह मापात ती साधारण ६ च्या आसपास येते, म्हणजे कात्रीच्या पोलादाच्या जवळपास. तिथे धागा निसटत नाही, तो धारच घासून टाकतो. प्रत्येक कापाला कात्री थोडी झिजते आणि महाग कात्रीही झिजतेच. हातमोज्यांच्या युरोपीय मानकाची, ईएन ३८८ ची, हीच पंचाईत झाली होती. हातमोजा किती कापरोधक हे बघायला त्यावर गोल पातं फिरवायचे, आणि काच मिसळलेल्या चिवट मोज्यांवर चाचणीचं पातंच बोथट व्हायचं. आकडा मग मोज्याचा की बोथट पात्याचा, हे कळेना. म्हणून २०१६ च्या आवृत्तीत अशा मोज्यांसाठी सरळ पात्याची वेगळी चाचणी आणली. सांगायचा मुद्दा, काचेसाठी स्वस्त कात्री घ्यायची, वारंवार धार लावायची आणि ती तेवढ्याच कामाला ठेवायची. टंगस्टन कार्बाइडची धार बसवलेल्या कात्र्या काचेवर जास्त टिकतात, पण रोजचं मोठं काम असेल तरच ते पैसे वसूल होतात. सरळ रेषेत कापायचं असेल तर मोडत जाणाऱ्या पात्याचा कटर आणि लोखंडी पट्टी याहून स्वस्त काही नाही. ओल्फा या जपानी कटर कंपनीच्या संस्थापकांनी १९५६ मध्ये ही युक्ती काढली: बोथट झालं की टोक मोडा, पुढचं वापरा. एफआरपीवाले, म्हणजे काचतंतू आणि रेझिनच्या वस्तू बनवणारे, तुटक काचतंतूंचं चटईसारखं चॉप्ड मॅट तर बऱ्याचदा हातानेच फाडतात, कारण फाडलेली विरळ कड शेजारच्या तुकड्यात चांगली मिसळते.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण 'केव्हलार' म्हणून आलेला रोल शंभर टक्के केव्हलार असेलच असं नाही. उष्णतेच्या बाह्यांसाठी ॲरामिडमध्ये काच गुंफलेली असते, कधी कापरोधक धाग्याच्या पोटात स्टीलची बारीक तार असते. तार असेल तर महागडी कात्री त्या रोलच्या जवळही नेऊ नका. उलट कापड नोमेक्सचं निघालं तर तुम्हाला नवीन काहीच घ्यायला नको. नोमेक्सही ॲरामिडच, पण मेटा जातीचं, तुलनेने मऊ. साधी धारदार कात्री ते बिनतक्रार कापते.

ओळखायला दोन घरगुती परीक्षा आहेत. शेडच्या बाहेर, मोकळ्यावर, पक्कडीत धागा धरून जाळून बघा. ॲरामिड वितळत नाही, काळं पडतं आणि ज्योत काढली की विझतं. नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळून त्यांचा टणक मणी होतो. काच जळतच नाही, फक्त लाल होते. धाग्याचा पीळ सोडवून एकेक पदर वेगळा जाळा, म्हणजे आतली काच किंवा तार उघडी पडते. दुसरी परीक्षा पाण्याची: साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात धागा दाबून बुडवा आणि सोडा. वर तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन, बुडाला तर बाकीचे. तरंगणाऱ्यांतच डायनीमा आणि स्पेक्ट्रा हे पॉलिथिलीनचे अतिमजबूत धागे येतात. त्यांची घनता ०.९७, म्हणजे पाण्याहून थोडी कमी. हा धागा ॲरामिडहून निसरडा. खाडीवर गळ टाकणाऱ्यांना विचारा, त्यांची 'ब्रेड' म्हणून मिळणारी वीणलेली दोरी बहुतेक याचीच असते आणि साध्या कात्रीने ती चघळल्यासारखी होते. त्यालाही दातेरी पातंच लागतं.

पट्ट्यांकडे येऊ, कारण तिथे तुमचा वेळ सर्वांत जास्त वाचणार आहे. पॉलिएस्टर साधारण २५५ ते २६० अंशांना वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६० च्या पुढे. म्हणजे हे पट्टे तापलेल्या पात्याने कापायचे: काप आणि कड बंद करणं एकाच फटक्यात, दशा सुटायचा प्रश्नच नाही. विजेवर चालणारी गरम सुरी किंवा पट्टा कापायचं छोटं टेबल मशीन घ्या. कड वितळून टणक होते, कधी तीक्ष्णही, म्हणून शिवण त्या कडेपासून थोडी आत घ्या आणि जिथे अंगाला लागेल तिथे टोक दुमडा. केव्हलारवर हा उपाय चालत नाही, ते वितळतच नाही, नुसतं करपतं. आणि एक इशारा तुमच्या जुन्या धंद्यासाठी: पीव्हीसीचा लेप असलेली ताडपत्री गरम सुरीने कापू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, तो छातीला वाईट आणि शेडमधल्या लोखंडालाही वाईट. पट्टे स्लिंगसाठी, म्हणजे क्रेनने जड माल उचलायच्या पट्ट्यांसाठी असतील तर तो वेगळा, जबाबदारीचा विषय आहे. युरोपीय मानकात स्लिंगच्या लेबलचा रंगच धागा सांगतो: निळा पॉलिएस्टर, हिरवा नायलॉन, तपकिरी पॉलिप्रॉपिलीन. गिऱ्हाईक तसं लेबल मागत असेल तर कापण्याआधी चाचणी कोण करणार हे त्याच्याकडून लेखी घ्या.

म्हणजे तुमच्यापुरतं गणित असं उरतं: केव्हलारला एक चांगली दातेरी कात्री, मिश्र किंवा काचेच्या रोलला स्वस्त कात्री, पट्ट्यांना गरम सुरी. दहा हजारांचीच हवी का? ते मीटरवर ठरतं. महिन्याला एखादाच रोल कापणार असाल तर मधल्या किमतीची दातेरी कात्री पुरेल. रोज कापणार असाल तर कात्रीच्या किमतीपेक्षा वाया जाणाऱ्या कापडाची किंमत जास्त भरते. केव्हलारच्या एका मीटरचा भाव तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे.

खिशाला न लागणारी एक चाचणी आधी करून बघा. ऑप्टिकल फायबरच्या केबलमध्ये काचेच्या तंतूंभोवती मजबुतीसाठी पिवळा ॲरामिड धागा भरलेला असतो. घरी इंटरनेट जोडायला येणाऱ्या पोराच्या पिशवीत तो कापायला खास छोटी कात्री असते. महापे-ऐरोलीकडे फायबरचं काम करणारे ठेकेदार पुष्कळ, कोणाकडूनही ती मिळेल. लांब कापड त्या कात्रीने कापता येणार नाही, पण तुमच्या रोलची कड कापून बघा. साध्या कात्रीत दुमडणारा धागा तिथे स्वच्छ तुटला, तर दातेरीने तुमचं काम होणार याची खात्री पटेल, मोठी रक्कम गुंतवण्याआधी.

खरेदीला मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जाणार असाल तर रोलचा हातभर तुकडा सोबत न्या. दुकानदार कागद कापून दाखवतो, त्याला भुलू नका. कागद काहीही कापतं. आपल्या कापडावर आधी स्क्रूजवळून, मग मधून, मग फक्त टोकाने कापा. टोकाने एकेरी धागा सुटा कापता आला पाहिजे. पात्यावर 'झोलिंगेन' लिहिलेलं दिसलं म्हणून हुरळू नका. कात्र्या-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराचं नाव जर्मनीत कायद्याने सांभाळलेलं आहे, पण फुटपाथवरच्या कात्रीवर ते ठोकायला कोण कोणाला अडवतंय! अस्सल हवी असेल तर बिल आणि बनवणाऱ्याचं नाव मागा. मेरठच्या कात्रीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ताडपत्री आणि साध्या कापडासाठी ती मला आजही उत्तम वाटते, पुन्हा पुन्हा धार घेते. केव्हलारसाठी मात्र तिच्या साध्या पात्यांवर विसंबू नका.

धारेबद्दल एक गोष्ट मास्टरला बजावून ठेवा: दातेरी कात्री सायकलवर सहाण घेऊन फिरणाऱ्या धारवाल्याला द्यायची नाही. तो मनापासून दोन्ही पाती घासतो आणि दाते जातात. चाकावर पातं तापून निळसर झालं तर ३०० अंशांच्या आसपास गेलं असं समजा, तिथलं पाणी उतरलं, ती धार पुन्हा टिकणार नाही. धार फक्त साध्या पात्याला, तीही पाण्याच्या दगडावर. दातेरी पातं बनवणाऱ्याकडे किंवा त्याच्या विक्रेत्याकडेच पाठवायचं. घेतानाच विचारा की ही सोय आहे का. नसेल तर दहा हजारांची कात्रीही शेवटी फेकायचीच कात्री ठरते.

कापायच्या पद्धतीनेही बराच फरक पडतो. केव्हलारवर रेषेवर मास्किंग टेप चिकटवा आणि टेपच्या मधोमध कापा, दशा निम्म्याहून कमी होतील. एकेरी थरच कापा. जाड जागी कापड स्क्रूजवळ आणा, टोकाने झगडू नका. स्क्रूला मशीनच्या तेलाचा थेंब दिलात तर पाती पुसून पहिला काप चिंधीवर घ्या. पिवळ्या कापडावर डाग पडतो, आणि कोणी तेच कापड रेझिनमध्ये घालणार असेल तर तेलकट जागी रेझिन धरत नाही. मुठीला रंगीत टेप गुंडाळा, पिवळा केव्हलारचा, पांढरा काचेचा, आणि पिवळ्या कात्रीने कोणी पॅकिंगची पट्टी कापताना दिसला तर चहा त्याच्याकडून. उरलेला रोल उन्हात ठेवू नका. केव्हलार उन्हाने तपकिरी पडतं आणि ताकदही गमावतं. टेबलावरचा तंतूंचा कापूस झाडूने उडवण्यापेक्षा व्हॅक्यूमने ओढा, आणि कापणाऱ्याला मास्क द्या. काचेच्या दिवशी पूर्ण बाह्यांचा शर्टही, नाहीतर रात्रभर अंग खाजतं.

थर वाढले, ऑर्डर मोठी झाली, तर हातकात्री सोडून विजेच्या गोल पात्याच्या कटरकडे वळावं लागेल. वेग कमी करता येईल असाच घ्या. नायलॉन-पॉलिएस्टरचे थर वेगात कापले की घर्षणाने कडा एकमेकींना चिकटतात, थरांमध्ये कागद घालावा लागतो. त्या खरेदीला मात्र आत्ता घाई करू नका.

तुम्ही तीन गोष्टी लिहिल्या नाहीत: कापडाचं वजन किती जीएसएम (एका चौरस मीटरला किती ग्रॅम), विणीत काच किंवा तार आहे का, आणि महिन्याला साधारण किती मीटर कापायचंय. पुरवठादाराकडून डेटाशीट मागवून कळवा, मग आठ इंची पुरेल की दहा इंची लागेल ते नक्की सांगतो. बारा इंचीचं ओझं केव्हलारसाठी लागेल असं मला वाटत नाही.